रोलरचा चौथा अवतार

दार बाईंनीच उघडलं. त्यांनी खोका बघितला, खोक्यावरचं चित्र बघितलं आणि तशाच दारात उभ्या राहिल्या.

"मी फोन केला होता," डिझायनर म्हणाले. "खेळण्यांच्या कंपनीतला. आता निवृत्त आहे."

"मुलाने घेतला असेल. मला काही बोलला नाही."

आतून मुलगा आला. मुलगा म्हणजे चाळिशीला टेकलेला माणूस, कानांवरचे केस पिकलेले, डावा डोळा काचेचा. "या काका. आई, आत तर येऊ दे त्यांना."

खोली लहान होती. खिडकीपाशी टेबल, त्यावर पोट उघडलेली घड्याळं, चिमटे, छोटा दिवा. डिझायनरांची नजर नको नको म्हणताना त्या डोळ्याकडे जात होती. मुलाच्या ते लक्षात आलं.

"घड्याळवाल्याला एकच डोळा लागतो, काका. बाकीच्यांना दुसरा मिटून धरावा लागतो. माझे तेवढे कष्ट वाचले."

तो हसला. बाई हसल्या नाहीत. डिझायनरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

खोक्यात महाबली रोलर होता. यंत्रमानवांच्या त्या मालिकेत एक विमान होतं, एक शर्यतीची गाडी होती, एक रणगाडा होता. चार घड्या उलगडल्या की त्यांचे योद्धे व्हायचे. रोलर म्हणजे साधा रस्ते दाबणारा रोडरोलर. तो सगळ्यांत शेवटी बनला आणि दुकानातही शेवटी तोच उरायचा. पोरं त्याला गोगलगाय म्हणायची. डिझायनरांचा मात्र तोच लाडका. घरातल्या मागे पडलेल्या पोरावर जीव जडावा तसं झालं होतं. त्याला इतरांपेक्षा काहीतरी जास्त मिळावं म्हणून त्यांनी त्याच्या हातात स्प्रिंग बसवली. कळ दाबली की मूठ सटकन पुढे यायची.

"स्प्रिंग जरा ताठ वाटते," तपासणीचा फोरमन म्हणाला होता.

"पोरांना जोर आवडतो," त्यांनी हसून उत्तर दिलं होतं.

त्याच मोसमात तक्रार आली. रोबोटचा हात उडून सात वर्षांच्या मुलाच्या डोळ्यात गेला, डोळा वाचला नाही. कंपनीने दवाखान्याचं सगळं केलं आणि दुकानांतून माल गुपचूप उचलला. तुटलेला तो हात कोणीतरी आणून डिझायनरांच्या टेबलावर ठेवला. कोणी त्यांना एका शब्दाने बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

रोलर दुसऱ्यांदा बाजारात आला तेव्हा त्याचे हात छातीला चिकटवलेले होते. त्यामुळे त्याला धड उभंही राहता येईना. तिसऱ्यांदा तो बोटाएवढा झाला आणि विमानाच्या खोक्यातून फुकट गेला. मग त्याचं नावच निघून गेलं. दर वेळी त्याला आणखी लुळा करण्याचं काम डिझायनरांनी स्वतः मागून घेतलं. दुसऱ्या कोणाला ते करू द्यायचा आपल्याला हक्क नाही, असं त्यांना वाटायचं.

आता ज्यांनी लहानपणी ती खेळणी खेळली ती पोरं मोठी झाली होती, आणि त्यांच्यासाठी कंपनी सगळी मालिका पुन्हा काढत होती. रोलरसाठी डिझायनरांना घरून बोलावलं. त्यांनी स्प्रिंग काढून साधा सांधा बसवला. तयार झालेला पहिला रोलर त्यांनी उचलला आणि ते इथे आले. या गल्लीच्या तोंडापर्यंत ते पूर्वीही येऊन गेले होते. तेव्हा पाय पुढे पडला नव्हता.

बाई मुलाच्या उजव्या बाजूला, त्याला दिसतील अशा बसल्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, "आता कशाला आलात?"

"माफी मागायला. तेव्हाच यायला हवं होतं. धीर झाला नाही."

"मागू नका."

"बाई, माझ्यामुळे तुमच्या मुलाचा..."

"मागू नका म्हटलं ना. आणि ते परत घेऊन जा. या घरात नको."

त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या. आत नळ सोडल्याचा आवाज आला आणि बराच वेळ तो चालूच राहिला.

मुलाने खोका उघडला. त्याच्या बोटांना सगळ्या घड्या अजून पाठ होत्या. बघता बघता टेबलावर, घड्याळांच्या मधोमध, रोलर दोन पायांवर उभा राहिला.

"हात छान केलात."

"कितीही दाबला तरी सुटणार नाही."

"आधीचाही वाईट नव्हता," मुलगा म्हणाला.

हे आपल्याला बरं वाटावं म्हणून, हे डिझायनरांना कळलं. त्यांचे डोळे भरून आले. चहा न घेताच ते उठले. मुलगा त्यांना सोडायला खाली आला. जिना अरुंद होता, त्याने त्यांचा दंड धरला. आपण याचा डोळा घेतला आणि हा आपल्याला पायऱ्या दाखवतोय, या विचाराने त्यांना पाऊल टाकवेना.

रस्त्यावर आल्यावर ते म्हणाले, "आईंचा राग बरोबर आहे. मी असतो तर दारातसुद्धा उभं केलं नसतं. फोरमनचं ऐकलं असतं तर, एवढंच रोज मनात येतं. सकाळी उठलं की पहिलं तेच."

मुलाने वर खिडकीकडे पाहिलं. खिडकीत कोणी नव्हतं.

"काका, एक सांगतो. आई आहे तोवर कोणाला बोलू नका."

"नाही बोलणार."

"रोलरचा हात उडाला नव्हता. तो मी नंतर उपटला, दवाखान्यातून घरी आल्यावर."

डिझायनरांनी विचारलं, "मग डोळा?"

"आईने चाव्यांचा जुडगा फेकून मारला होता. डॉक्टर विचारत होते आणि ती नुसती थरथरत होती. कोणाचं तरी नाव घ्यायला हवं होतं, आणि घरात आम्ही तिघंच होतो. आई, मी आणि रोलर."