डोळ्यांचा ठेका

"महाराज, डोळे उघडे ठेवा हं," म्हणत डॉक्टरीणबाईंनी दामोदरबुवांना उताणं निजवलं आणि त्यांचं डोकं उजवीकडं वळवून पलंगाखाली लोंबतं धरलं. तीस वर्षं त्यांना मृदंगाची साथ करणाऱ्या भिकाजीच्या काळजात धस्स झालं. उद्या काल्याचं कीर्तन, आणि हंडी बघायला मान वर केली की बुवांना अख्खं देऊळ गरागरा फिरताना दिसायचं!

"कानातले बारीक खडे जागचे हललेत," बाई म्हणाल्या. "ते खाली घरंगळले, की डोळ्यांना वाटतं माणूसच फिरतोय."

तेवढ्यात बुवांचे डोळे जमिनीकडच्या कानाकडं उड्या मारू लागले. सावकाश सरकायचे, की झटका. भिकाजी वाकून बघत राहिला आणि न राहवून त्याची बोटं पलंगाच्या पत्र्यावर पडू लागली.

"अहो, हे काय?"

"बाई, ठेका कसा चोख आहे बघा! उभ्या जन्मात बुवांनी एवढी लय सांभाळली नव्हती."

"भिक्या, मेल्या, मी मरतोय इथं!"

हळूहळू डोळे थांबले. बाईंनी डोकं डावीकडं फिरवलं, बुवांना कुशीवर वळवलं आणि उठवून बसवलं. "आता वर बघा."

बुवांनी भीत भीत मान वर केली. "फिरतंय."

भिकाजीनं देवाचा धावा सुरू केला.

"काय फिरतंय?"

"पंखा."

"तो फिरणारच, महाराज."

"म्हणजे... नुसता पंखाच ना?" बुवांनी पुन्हा एकदा मान वर करून बघितली. तिथंच पलंगावर बसून त्यांनी टाळी देत नामाचा असा गजर लावला, की बाहेर ताटकळलेल्या पेशंटांनीही तो उचलला.