इरावतीच्या हातचं केफिर

सुधन्वा रोज सकाळी समोरच्या इरावतीकडे जाऊन पेलाभर केफिर, म्हणजे जिवंत दाण्यांनी आंबवलेलं ताकासारखं दूध, पिऊन यायचा. त्याच्या मधुमेहाचं औषध आता फ्लॉवरच्या तुऱ्यांसारख्या त्या दाण्यांतूनच दुधात उतरायचं. पण दाणे जगायचे ते एखाद्याच हातावरच्या जंतूंच्या जिवावर. दवाखान्यातून आणलेले दाणे त्याच्या बायकोने, कुमुदने, पुन्हा पुन्हा दुधाला लावून पाहिले. दर वेळी ते पिवळे पडून मेले.

सुधन्वाला परतायला हल्ली उशीर व्हायचा. मिशीला दूध आणि चेहऱ्यावर हसू घेऊन तो यायचा, तेव्हा कुमुदचा जीव जळायचा. शेवटी तीच इरावतीच्या दारात गेली.

“मला शिकवा.”

“शिकवण्यासारखं काही नाही हो,” इरावती म्हणाली. “माझ्या हातावरचे जंतू तुमच्या हातावर रुजायला हवेत. रोज थोडा वेळ हात धरून बसावं लागेल.”

ज्या हातांचा ती मनातून राग राग करायची, तेच हातात घेऊन कुमुद महिनाभर बसली. ते हात उबदार होते, आणि तेही तिला आवडलं नाही.

मग एका सकाळी तिच्या बरणीतलं दूध छान दाटलं. दाणे टपोरे, पांढरेशुभ्र होते. सुधन्वाने घोट घेतला आणि डोळे मिटले.

“अगदी इरावतीवहिनींच्या हातचं लागतंय,” तो कौतुकाने म्हणाला.

कुमुद बेसिनपाशी गेली. साबण लावून हात खसाखसा धुवावेत असं तिला फार वाटलं. पण उद्याचं दूध लावायचं होतं. तिने सोडलेला नळ बंद केला.