सोळा नंबरचा निळा पोपट

मार्च महिन्याच्या तिसऱ्या मंगळवारी, सकाळी साडेदहाच्या सुमारास, चौथ्या मजल्यावरील दोन खोल्यांच्या एका घरात, छापखान्यातल्या एका माजी मशीनमनापुढे सहीसाठी कागद ठेवण्यात आला. कागदावर एकच वाक्य टंकलेले होते : ‘सदर कार्डावरील छपाईदोष माझ्या निष्काळजीपणामुळे घडला.’

कागद आणणारा गृहस्थ जुन्या कार्डांचा संग्राहक होता. त्याने बॅगेतून एक चपटी पारदर्शक डबी काढली आणि दोन्ही हातांनी टेबलावर ठेवली. तीत पोपटाचे चित्र असलेले कार्ड होते. एकतीस वर्षांपूर्वी बिस्किटांच्या पुड्यांतून छत्तीस पक्ष्यांची कार्डे निघत; त्यांतले हे सोळावे. पोपट हिरवा असायला हवा होता. हा निळा होता.

संग्राहकांच्या ऑनलाइन बाजारात अशी अकराच कार्डे नोंदलेली होती. त्यांतले शेवटचे काय भावाने गेले, ते संग्राहकाने फोनवर दाखवले. मशीनमनाच्या मुलीने आकडा वाचला आणि ती खुर्चीवरून उठली. छापखाना सुटल्यावर बाबांनी एका गोदामाच्या फाटकावर पहारा केला होता. तिथल्या तीन वर्षांच्या पगाराहून तो आकडा मोठा होता.

“या चुकीपायी ह्यांना हाकललं,” ती म्हणाली. “दुसऱ्या कुठल्या छापखान्याने दारात उभं केलं नाही. भर रस्त्यात लोक ‘काय निळे पोपट, कुठे निघालात?’ म्हणून हाक मारायचे. आणि तुम्ही तीच चूक डबीत घालून मिरवताय! वर बाबांनी लिहून द्यायचं, की हो, तो गाढव मीच?”

“ताई, रागावू नका हो. बाजारात नकली कार्डं फार झालीत. छापणाऱ्याची सही असली की कार्ड अस्सल ठरतं. काकांचा वाटा मी आधीच काढून ठेवलाय.”

“वाटा तुमच्याकडेच ठेवा!”

“थांब गं,” मशीनमन म्हणाला. “चूक झाली ती झाली. तुझी आई त्या दिवशी दवाखान्यात होती. माझं चित्त ठिकाणावर नव्हतं. गेले असतील काही ताव पिवळ्याशिवाय पुढे.”

त्या छापखान्यात एकाच तावावर एकामागून एक रंग चढत. पहिला पिवळा, आणि तो याच्या यंत्रावर. तो राहून गेला, तर पुढे चढणाऱ्या निळ्याचा हिरवा होत नाही; तो निळाच राहतो. हे फोरमनने त्याला असेच एक कार्ड नाकासमोर धरून ऐकवले होते. त्या एका कार्डाखेरीज त्याला काहीही दाखवले गेले नाही, आणि त्यानेही काही मागितले नाही. स्वतःला अपराधी मानून बसलेला माणूस पुरावा मागत नाही.

त्याने पेन उचलले. मग डबी जवळ ओढली आणि कार्डाच्या कडांपलीकडे, जिथे आता टेबलाखेरीज काही नव्हते, तिथे पाहत राहिला. मशीनमन कधी एकटे चित्र पाहत नाही. तो ताव पाहतो.

“सहा ओळी, ओळीत सहा पक्षी,” तो पुटपुटला. “पोपटाच्या डाव्या हाताला कोण?”

“पंधरा नंबर. हळद्या.”

“पांढरा हळद्या आहे का तुमच्याकडे?”

संग्राहक हसला. “काका, पांढऱ्या पक्ष्याला हळद्या कोण म्हणेल?”

“शोधा तर.”

संग्राहकाने शोधले. हळद्याची चारशे बारा कार्डे विक्रीला होती. किंमत चहाच्या कपाइतकी. सगळे पिवळेजर्द. सतरा नंबरची सुगरण पिवळी होती. वरच्या ओळीतला दहावा, खालचा बाविसावा, दोघेही आपापल्या रंगात होते. मशीनमनाच्या सांगण्यावरून त्याने ‘छपाईदोष’ असा शब्द टाकून सबंध मालिका धुंडाळली. एकच क्रमांक आला : सोळा.

“उगाच वेळ घालवताय, काका. मी बावीस वर्षं या मालिकेमागे आहे. पोपट सोडून एकही पक्षी बिघडलेला नाही. म्हणून तर पोपटाला हा भाव!”

मशीनमनाने पेन खाली ठेवले.

“पिवळा राहिला तर अख्ख्या तावाचा राहतो,” तो हळूच म्हणाला. “छत्तीसच्या छत्तीस पक्ष्यांचा. यंत्राला एकटा पोपट वगळता येत नाही.”

संग्राहक फोनकडे पाहत राहिला. बावीस वर्षांची माहिती त्याच्या हातात होती आणि तिचा अर्थ त्याला आज कळत होता.

“मग पोपटाचा पिवळा गेला कुठे?” मुलीने विचारले.

“पिवळ्याच्या प्लेटवर, म्हणजे छापाच्या पत्र्यावर, घेतलाच नव्हता. प्लेटवर नाही, ते कागदावर कुठून उतरणार? लक्षात आल्यावर प्लेट बदलली असणार; तोवर निघाले तेवढेच पोपट निळे.”

“प्लेट कोण करायचं?”

“फोरमनचा मेहुणा.”

“आणि छपाईआधी पहिला ताव तपासून सही कोण करायचं?”

“फोरमन.”

“म्हणजे दोघांना ठाऊक होतं!” तिचा आवाज चढला. “मेहुण्याला वाचवायला तुमचा बळी दिला, बाबा! आणि तुम्ही एकतीस वर्षं मान खाली घालून, आईच्या दुखण्याला दोष देत बसलात!”

संग्राहकाने टंकलेला कागद ओढून घेतला, मधोमध फाडला आणि बॅगेतून कोरा कागद काढला.

“मी लिहून घेतो, काका. तुम्ही सांगा, काय लिहू?”

इतका वेळ हळू बोलणाऱ्या माणसाने टेबलावर तळहात आपटला.

“लिहा. पिवळा रंग मी बरोबर छापला होता.”