पंचेचाळीसचा साग

"सर, उत्तरापुढे एकक लिहायचं राहिलं, तर तुम्हाला घरी जेवण मिळतं का?"

हे विचारायची पैज मैत्रिणींनी लावली होती, आणि फिरकीने ते शुक्रवारी भर वर्गात, उभं राहून, सरांच्या डोळ्यांत बघून विचारलं. भौतिकशास्त्राच्या सरांनी खडू खाली ठेवला. मग म्हणाले, मिळतं, फक्त किती मिळालं ते सांगता येत नाही. वर्ग हसून हसून लोळला. गेल्या वर्षापर्यंत हजेरी देतानाही जिला घाम फुटायचा, ती फिरकी तेव्हापासून जमिनीच्या चार बोटं वरून चालत होती.

रविवारी सकाळी ती बाबांच्या लाकडाच्या वखारीत शिरली तीही त्याच तोऱ्यात. काम ठरलेलं होतं. आजोबांच्या फडताळात साठ-सत्तर ठोकळे होते, मुठीत मावतील एवढे, आणि प्रत्येकावर तापल्या खिळ्याने एक आकडा डागलेला. सागावर पंचेचाळीस, देवदारावर अडतीस. नुसता आकडा. घनफुटाला इतके पाउंड, हे आजोबांच्या डोक्यात असायचं. ते लिहायला वेगळा खिळा कोण तापवणार? आताची गिऱ्हाइकं घनमीटरला किलो किती ते विचारत आणि फडताळाकडे देवळातल्या शिलालेखाकडे बघावं तसं बघत. बाबांनी सांगून ठेवलं होतं, दुपारपर्यंत नव्या मापाच्या चिठ्ठ्या डकवून झाल्या तर ठीक, नाहीतर फडताळाच्या जागी काचेचा कट्टा येतोय आणि ठोकळे जातायत शेगडीत.

फिरकीला चिठ्ठ्या म्हणजे हातचा मळ. याच ठोकळ्यांची घरं रचत ती मोठी झाली होती, आणि सोळाने गुणायचं आजोबांनी तिला इथेच शिकवलं होतं: चारदा दुप्पट कर, वर चिमूटभर टाक. पंचेचाळीसचे नव्वद, एकशेऐंशी, तीनशेसाठ, सातशेवीस, आणि चिमटीचा एक. सातशेएकवीस. आजोबांना जाऊन तीन वर्षं झाली होती, पण दुप्पट करताना बोटं अजून त्यांच्यासारखीच गुडघ्यावर आपटत होती.

एकोणीस चिठ्ठ्या झाल्या आणि तिला अवदसा आठवली. म्हटलं, एकदा वजन करून बघू. सागाचा ठोकळा काट्यावर ठेवला, पट्टीने तिन्ही बाजू मोजल्या. एकशेचौदा ग्रॅम, एकशेनव्वद घनसेंटिमीटर. म्हणजे घनमीटरला सहाशे किलो. सातशेएकवीस नव्हे.

तिने पुन्हा मोजलं. पुन्हा सहाशेच. मग देवदार घेतला, मग आंबा, मग शिसव, असे करत चिठ्ठ्या लावलेले एकोणीसही. गुणाकार कुठेच चुकला नव्हता, आणि आजोबांचा आकडा कुठेच बसत नव्हता.

बाबा मागे कधी येऊन उभे राहिले तिला कळलं नाही. ते रागावले नाहीत, तेच जास्त लागलं. "अण्णांनी अंदाजपंचे डागलेत गं," ते म्हणाले. "चुकीच्या आकड्याला किलो लावले म्हणून तो बरोबर होतो का?" आणि त्यांनी वरचा खण ठोकळ्यांसकट बाहेर ओढला, छातीशी धरला आणि शेगडीच्या दिशेने निघाले.

गेल्या वर्षीची फिरकी असती तर फळ्यांच्या थप्पीमागे जाऊन रडली असती. ही वाटेत आडवी उभी राहिली.

"अंदाज असता तर कधी वर चुकला असता, कधी खाली. हे एकोणीसच्या एकोणीस एकाच बाजूला चुकलेत, बाबा. प्रत्येक ठोकळा आज हलका भरतोय. इतकं शिस्तीत कोण चुकतं?"

पलीकडे आईने करवतीचं बटण बंद केलं. वखारीत एकदम सुनसान झालं. आईच्या पापण्यांवरसुद्धा भुसा होता. तिने बाबांना एवढंच विचारलं, "अहो, ते वजन करायचे कधी, आठवतंय?"

बाबांनी खण फळ्यांवर टेकवला. आठवायला त्यांना वेळ लागला, आणि आठवलं तेव्हा ते या दोघींशी बोलत नव्हते. ट्रक पहाटे यायचा. अण्णा दोर सोडू द्यायचे नाहीत. आधी एका ओंडक्याचं टोक हातकरवतीने कापायचं, त्याचा ठोकळा करायचा, तिथल्या तिथे काट्यावर टाकायचा. हमालांचा चहा निवायचा, ड्रायव्हर शिव्या घालायचा. पण आकडा निघेपर्यंत कोणी कपाला हात लावायचा नाही. आलेल्या मालात लाकूड किती आणि पाणी किती, हे आधी कळायला हवं, नाहीतर ओली फळी सुकी म्हणून कोणाच्या तरी दारात जाईल. आकडा डागला की तो ओला ठोकळा बाबांच्या नाकाशी धरायचे आणि विचारायचे, सांग, कुठला?

बाबांनी सागाचा ठोकळा उचलून नाकाशी नेला. बराच वेळ तसाच धरून ठेवला.

"पाणी होतं ते," ते म्हणाले. "सगळं उडून गेलं."

फिरकीने त्यांच्या हातून ठोकळा घेतला आणि त्यावरची चिठ्ठी नखाने खरवडून काढली. मग उरलेल्या अठरा. आई-बाबा बघत राहिले.

"चिठ्ठ्या नाही लावायच्या," ती म्हणाली. "आजोबांचा आकडा आहे तसा राहील. त्याच्याखाली मी आजचा डागणार, किलोत. आणि पुढचा ट्रक आला की दोर सोडायच्या आधी मला उठवायचं. टोक मी कापणार. तोवर चहाला कोणी हात लावायचा नाही."