आभाळी छत

हॉलच्या छताला आभाळी रंग द्यायचा, असं क्षमानं शेवटी ठरवलं, तेव्हा लाकडी घोड्यावर ताटकळलेल्या निवृत्ती रंगाऱ्यानं सुटकेचा निःश्वास टाकला. शेडकार्ड सकाळपासून तिच्या हातून सुटलं नव्हतं. स्वयंपाकघराच्या छताला सायीचा रंग ठरला, धूर दिसू नये म्हणून. झोपायच्या खोलीला पांढरा, निवृत्ती म्हणाला म्हणून. हॉल तेवढा अडला होता. गुलाबी म्हटलं तर लग्नाच्या मांडवासारखा, पिवळा डोळ्यांवर येणारा. तिचं मन हिरव्यावर होतं. पण सासूबाईंनी नार्व्याहून निरोप धाडला होता, कुठलाही द्या, छताला हिरवा नको. का, ते त्यांनी सांगितलं नव्हतं आणि क्षमानंही विचारलं नव्हतं.

डिचोलीतलं ते नवं स्लॅबचं घर. गोवा राज्य झालं, त्याच वर्षीचा पावसाळा. नवरा गौरेश खनिजाच्या बार्जवर नोकरीला. घरी आला की आधी झोपायचा, त्यामुळे रंगाचं सगळं क्षमाच्याच गळ्यात. चवथ तोंडावर आली होती. वाटण्या झाल्यावर गणपती धाकट्याकडे, म्हणजे या घरी आणावा अशी बोलणी झाली होती. पण शेवटचा शब्द सासूबाईंचा, चंद्रावतीबाईंचा. त्या रविवारी घर बघायला येणार होत्या. मनाला आलं तर देव इथं, नाहीतर थोरल्या सखारामकडे नार्व्यालाच. क्षमाला तो इथं हवा होता. गणपती आला नाही तर हे घर तिच्या लेखी भाड्याच्या खोलीसारखंच.

रंगाआधी एक अडचण होती. छतातून लोखंडी सळीचे चार आकडे खाली आले होते. पंख्याचा मधला, तो वेगळा. निवृत्ती कोल्हापूरकडचा, क्षमाचं माहेरही तिकडचंच. दोघांनी माना वर करून पाहिलं.

“पाळण्याचं असत्याल, वैनी,” निवृत्ती म्हणाला.

झोपाळा मावेल एवढा हॉल नव्हता, म्हणजे पाळणाच. स्लॅब घातला त्या दिवशी सासूबाई स्वतः येऊन उभ्या राहिल्या होत्या, हे क्षमाला ठाऊक होतं. लग्नाला चौथं वर्ष लागलं होतं. सासूबाईंनी तोंडानं कधी काही विचारलं नव्हतं; आता त्या छतातून विचारत होत्या.

“ठोकून सपाट करा,” ती म्हणाली. “वरून लांबी भरा. दिसता कामा नयेत.”

निवृत्तीनं छताला खाचा पाडून सळ्या आत वाकवल्या, लांबी भरली, घासली. वर रंगाचे हात बसले. छत असं गुळगुळीत झालं की क्षमा येता-जाता वर बघू लागली.

चंद्रावतीबाई आल्या त्या भर पावसात. पाय धुतले, आणि स्वयंपाकघराकडे न वळता थेट हॉलमध्ये जाऊन मान वर केली.

“रंग बरो,” त्या म्हणाल्या. आभाळावर हिरवी पानं कशी उठून दिसतात, असंही काही पुटपुटल्या. कसली पानं, ते क्षमाला कळेना. मग त्यांची नजर छताच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात फिरू लागली.

“आंकडे खंय गेले?”

“मी सपाट करून घेतले, आई. मला वाटलं, पाळण्याचे.”

चंद्रावतीबाई तिच्याकडे बघत राहिल्या. “पाळण्याक चार आंकडे कोण घालता गो?” मग बऱ्याच हळू आवाजात, “माटोळयेचे ते.”

गणपतीच्या डोक्यावर टांगायची ती चौकट. तिला नारळ, सुपारीचे घोस, काकड्या, भोपळा, रानातली फळं आणि आंब्याच्या हिरव्या पानांचे टाळे बांधायचे. क्षमानं ती नार्व्याला पाहिली होती की. पण तिथं कौलांखालच्या वाशांनाच दोऱ्या बांधत, आकडा असा कुठं नव्हताच. माटोळीशिवाय त्या घराण्यात गणपती कधी बसला नव्हता.

चंद्रावतीबाई रागावल्या नाहीत. यंदा सखारामकडेच राहू दे, पुढच्या वर्षाचं पुढच्या वर्षी बघू, असं म्हणाल्या. एवढा बरा रंग लागलाय, तो कशाला बिघडवायचा. आणि छत्री घ्यायला वळल्या.

दारांना रंग द्यायला आलेला निवृत्ती खाली मान घालून म्हणाला, उकरून काढता येतील, पण एकदा वाकवलेली सळी पुन्हा सरळ करताना मोडते. आणि छताची तर पार रया जाईल.

“काढा,” क्षमा म्हणाली.

छिन्नीचे घाव बसू लागले. आभाळी कपच्या नव्या फरशीवर, बाकावर, चंद्रावतीबाईंच्या अंबाड्यावर पडल्या. त्या बाजूला सरकल्या नाहीत. सळ्या पाइपात धरून निवृत्तीनं एकेक करून खाली ओढल्या. छताला चार राखाडी भगदाडं पडली.

“वजन धरतलें?” चंद्रावतीबाईंनी विचारलं.

निवृत्ती शब्द द्यायला तयार होईना. म्हणाला, देवाच्या डोक्यावर टांगायचं, त्याची हमी मी कशी देऊ.

क्षमानं पदर खोचला. घोड्यावर चढून आकड्यात दोरी ओवली, ती दोन्ही हातांनी धरली आणि पाय सोडून दिले. पहिल्यानं धरलं. मग दुसऱ्यानं, तिसऱ्यानंही. चौथा करकरला. सिमेंटची भुकटी तिच्या कपाळावर सांडली, डोळ्यात गेली. ती तशीच लोंबकळत राहिली.

चंद्रावतीबाई छताकडे बघतच नव्हत्या. त्या बघत होत्या तिच्या अधांतरी पायांकडे.

“उतरू, आई?”

“रांव,” त्या हातानं थांबवत म्हणाल्या. “यंदा भोपळो मोठो आसा.”