‘हॅपी’चे भाऊबंद

“हे ‘हॅपी’चे भाऊबंद,” म्हणत मी फळ्यावर शब्द लिहिले. ग्लॅड, डिलाइटेड, रिलीव्ह्ड. शेवटच्याचा अर्थ सांगितला, जिवाला लागलेला घोर संपल्यावर वाटतं ते. “आता प्रत्येकीने यातला एक शब्द घेऊन स्वतःबद्दल वाक्य बोलायचं. खरं वाक्य हं.”

बायकांचा दुपारचा इंग्रजीचा वर्ग होता. कोणी लेकीच्या लग्नात ग्लॅड होती, कोणी नातवाच्या बारशाला डिलाइटेड. मग पारखेकाकू उठल्या. सुनेला, गौतमीला, सोबत घेऊनच त्या वर्गाला यायच्या. पदर सावरून त्या इंग्रजीत सावकाश म्हणाल्या, “माझा नवरा वारला तेव्हा मी रिलीव्ह्ड झाले.”

मी खडू उचलला. “काकू, इथे ‘सॅड’ म्हणायचं.”

“शब्द बरोबर आहे, बाई. मारायचे मला हे. मराठीत कुणाला सांगणार? सगळं गाव त्यांना देवमाणूस म्हणायचं.”

घाईघाईने मी पुढचं नाव घेतलं, “गौतमी, तू बोल.”

गौतमी उभी राहिली. सासऱ्यांचा चंदनी हार घातलेला फोटो ती रोज न चुकता पुसते, असं काकू कौतुकाने सांगायच्या.

“मी पण रिलीव्ह्ड,” ती म्हणाली. “त्याच दिवशी.”

काकू गर्रकन तिच्याकडे वळल्या.

“तुलासुद्धा? अगं, तुझ्यापर्यंत पोचू नये म्हणून तर मी सगळं अंगावर घेत होते!”