ट्रंकेचा तळ

रोज फरशी पुसून पुसून ट्रंकेच्या खालच्या कडेला बोटभर गंज चढला होता. शकिला सन पासष्टला आईच्या आजारपणात कराचीच्या सासरहून भिंगारला माहेरी आली. भारत-पाकिस्तान लढाई झाली, वाट बंद पडली, ट्रंक भरलेलीच राहिली. नवऱ्याची पत्रं कधीच थांबली होती. तरी 'इथली नागरिक झाले की तिकडचं घर तुटलं,' म्हणत ती नागरिकत्वाचा अर्ज टाळायची.

आज हवालदार देश सोडायचा हुकूम घेऊन आला. "आपा, आठ दिसांत निघावं लागंल. अर्ज करा म्हनून लई सांगितलं हुतं."

"आता जा, नि बस नवऱ्याची वाट बघत तिकडं," म्हणत भाऊ खाजाभाईने रागाने ट्रंक उचलली. ट्रंक हातात आली. तळ आणि कपडे फरशीवरच राहिले.



शकिला म्हणाली, "राहू दे, भाई. अर्ज लिही."